बिनसुळ्याचा

दादा, तुला कावळा पहिल्या फटक्यात शिवला. पिंडावरून हात मागे घेतला न घेतला तोच तो येऊन बसला आणि काठावरच्या माणसांनी हुश्श केलं. ऊन मी म्हणत होतं. पळसदेवला धरणाचं पाणी यंदा फार मागे सरलंय, जुनं देऊळ पायऱ्यांसकट उघडं पडलंय, आणि सगळे चपला हातात घेऊन त्याच्यापुढच्या चिखलात उभे होते. शेजारचे तात्या म्हणाले, "समाधानी मानूस. कशात जीव आडकला न्हाय बगा." उजनीचे कावळे माशांच्या आतड्यांवर वाढलेले, त्यांना भात दिसला की ते बसतात.

चौकात तुझा फ्लेक्स लागलाय. 'प्रेमळ, मनमिळाऊ, परोपकारी' असं छापलंय, आणि फोटो कुणाच्या तरी लग्नातला, फेटा बांधलेला. मेल्या म्हशीला मणभर दूध. वहिनी मला म्हणाली, "वन्सं, तुमी पन चार वळी ल्ह्या त्यांच्यावर. तुमचं अक्षर चांगलं हाय." म्हणून लिहायला बसले. पण मला तुझ्यावर लिहिता येत नाही, तुझ्याशी बोलता येतं, आणि तेही भांडल्यासारखंच. आपण दोघांनी दुसरं केलंय काय इतकी वर्षं. तेव्हा वहिनीच्या चार ओळी ती दुसऱ्या कुणाकडून लिहून घेईल. हे तुझ्यापुरतं.

कावळा झाल्यावरचं काम माझं होतं. आपल्या घरात भावाच्या गळ्यातला सुळा पाण्यात सोडायचा तो बहिणीने. ते मी केलं, निदान बघणाऱ्यांनी तसं बघितलं. खरं काय झालं ते तुला सांगायचंय.

आबा सुळा घासत बसले की गोष्ट सांगायचे, आठवतं? आजोबांच्या वेळी धरण नव्हतं. भीमेच्या काठाला बाभळीचं रान होतं आणि रानात डुकरं. आजोबा भाला घेऊन डुकराच्या मागे जायचे, मारलेल्या डुकराचा सुळा काढायचे, आणि त्या दाताचंच बोटाएवढं डुक्कर कोरून गळ्यात बांधायचे. ज्याला मारायचं त्याचंच रूप अंगावर बाळगायचं, म्हणजे ते जनावर आपल्याला ओळखतं, आणि आपल्या घरात चूल पेटलेली नाही हे कळलं की स्वतःहून समोर येतं. मग धरण झालं. रान पाण्याखाली गेलं, डुकरं उसात शिरली, त्यांना हात लावायचा नाही असा कायदा आला, आणि आजोबांनी साठवलेल्या सुळ्यांचं एक गाडगं तेवढं घरात राहिलं. आबा मासे मारायला लागले. त्याच सुळ्यांचे त्यांनी मासे कोरले. डुकराच्या दाताचा मासा गळ्यात घालून पाण्यात जाणारं आपलंच एक घर असेल.

नियम आबांनी तुला शिकवले. मी शेजारी बसून लसूण सोलत ऐकले. आपला सुळा आपण कोरायचा नाही, दुसऱ्याच्या हातून घ्यायचा. आधी तो ताकात भिजत घालायचा, मऊ झाला की कानशीने घासायचा. डोळा सगळ्यात शेवटी, छत्रीची तार तापवून. आणि डोळा पाडला की दिवस मावळायच्या आत सुळा मालकाच्या गळ्यात गेला पाहिजे. डोळा उघडलेला सुळा घरात ठेवला तर तो मालकाला शोधत राहतो, आणि ते बरं नसतं. ज्याच्या गळ्यात सुळा, त्याने आपली होडी घेऊन एकट्याने खोल पाण्यात जायचं. ज्याच्या नाही, त्याने दुसऱ्याच्या होडीवर वल्हं मारायचं. पहिला मासा निघाला की त्याच्या तोंडात घरून आणलेल्या पाण्याचा थेंब घालून त्याला सोडून द्यायचं. आणि माणूस मेला की त्याचा सुळा पाण्यात. नाहीतर पाणी त्याला ओळखत नाही आणि तो काठावर बसून राहतो.

तुझा हात आबांपेक्षा बरा होता. हे तुझ्या तोंडावर मी कधी म्हटलं नसतं. बोटाच्या पेरावर मावणाऱ्या माशाला तू खवले पाडायचास, आणि ते नखाला लागायचे. शेपटीला असा बाक द्यायचास की मासा आत्ता हातातून निसटेल असं वाटावं. भिगवणपासून माणसं यायची. त्यांच्याकडून तू पैसा घेतला नाहीस, मान घेतलास, आणि मान तुला भारी गोड लागायचा. दारात आलेल्याला उन्हात उभं करून तू कानस चालवत राहायचास, वर न बघता. मी त्यांच्यासाठी चहा आणला तर म्हणायचास, "ऱ्हाऊ दे हुबा जरा. सुळा पायजे ना त्याला, मग?"

त्या उभं राहणाऱ्यांत तुझे दाजी होते. माझा नवरा. लोणी भापकरचा माणूस, जिरायती रानातला. त्याने पाणी बघितलेलं ते टँकरचं, नाहीतर विहिरीच्या तळाचं. लग्नानंतर तूच त्यांना पळसदेवला बोलावलंस. "दाजी, हितं पान्याला तोटा न्हाय," म्हणालास. ते आले आणि तुझ्या होडीवर वल्हं मारायला लागले. हाताला फोड आले, पाठीची सालं निघाली, पण कुरकुर नाही. दोन-तीन उन्हाळ्यांत जाळं टाकण्यात ते तुझ्या तोडीला आले. हे तू गावभर सांगायचास, फक्त त्यांच्यासमोर नाही. एकच गोष्ट त्यांना नीट आली नाही, पोहणं. विहिरीत हातपाय मारण्याइतकं यायचं.

मग त्यांनी सुळा मागितला. दाजी म्हणून तू त्यांना अधिक महिन्यात धोंड्याचं जेवण घातलंस, पोशाख केलास, वाकून पाया पडलास. सुळ्याचं मात्र आज देतो, उद्या देतो. ताकात घातलाय, दाजी. घासायला घेतलाय. खवले राहिलेत. होडीवरून घरी आले की ते हातपाय धुवायच्या आधी मला बातमी द्यायचे, "शालन, डोळा तेवढा ऱ्हायलाय." पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच बातमी. मी म्हणायचे, तुमची थट्टा करतोय तो. ते म्हणायचे, "आसं नगं म्हनू. कलाकार मानूस हाय, वेळ लागतो." असा माणूस होता, दादा. तुझी थट्टासुद्धा त्याने तुझा मोठेपणा म्हणून घेतली.

त्या दिवशी सगळे काठावर जाळी सोडवत होते. मी चिलापी काढून टोपलीत टाकत होते. दाजी म्हणाले, "उद्यापसनं ल्हान होडी मी येकला न्हीन म्हन्तो." तू सगळ्यांसमोर हसलास. म्हणालास, "दाजी, बिनसुळ्याचा मानूस खोल पान्यात जात न्हाय. गप वल्हं मारा." बाकीचेही हसले, तू हसलास म्हणून. मी त्यांचा चेहरा बघितला, आणि मग चिलापीकडेच बघत राहिले. त्यांनी उद्याची वाट बघितली नाही. दुपार टळल्यावर लहान होडी घेऊन एकटेच गेले. आणि वारं सुटलं. उजनीवर सुटतं तसं, आधी धुळीचा लोट, मग लाटा. होडी पालथी झालेली काठावरून दिसली. ते दिसले नाहीत.

तू पाण्यात उतरलास. ते मी नाकारत नाही, कधीच नाकारलं नाही. बाकीचे काठावरून हाका मारत होते आणि तू दम घेऊन पुन्हा पुन्हा बुडी मारत होतास. दुसऱ्या दिवशी तूच त्यांना खांद्यावर घेऊन बाहेर आलास. तुझे पाय गुडघ्याएवढ्या चिखलात रुतत होते आणि तू लहान पोरासारखा रडत होतास. त्या घडीला मी तुझ्या पायांवर डोकं ठेवलं असतं. पण माणसं गोळा झाली, आणि कुणीतरी विचारलं, असं कसं झालं ओ. तू दाजींच्या उघड्या गळ्याकडे बोट केलंस आणि म्हणालास, "बिनसुळ्याचा गेला."

अंगावरचं पाणी अजून निथळत होतं त्यांच्या. तुझ्याही.

ते दोन शब्द गावाने उचलले. बिनसुळ्याचा गेला, बिनसुळ्याचा गेला. महिन्याच्या आत तुझ्या दारात माणसांना उभं राहायला जागा पुरेना. ज्यांनी आबांच्या वेळी सुळ्याची टिंगल केली होती, त्यांच्या बायका त्यांना हाताला धरून घेऊन आल्या. माझ्या नवऱ्याचं मरण म्हणजे तुझ्या सुळ्याची जाहिरात झाली. तू ती होऊ दिलीस. मी तुझ्याच घरात चुलीपुढे बसून ऐकत होते, बाहेर तू एकेकाला सांगत होतास, "आमच्या दाजींचं बगितलं न्हवं?"

मी पळसदेव सोडलं. जळोचीत खोली घेतली आणि बारामतीत मासळीचा गाळा टाकला. तू अडवलं नाहीस. पण दुसऱ्याच आठवड्यात दुधाच्या टेम्पोवर थर्माकोलचा खोका आला, बर्फात घातलेली मरळ आणि कटला, वर ओलं फडकं. तेव्हापासून खोका कधी चुकला नाही. तुला ताप असला तरी आला, वहिनीचं ऑपरेशन झालं त्या दिवशीही आला. गिऱ्हाईक म्हणायचं, मावशी, तुमच्यासारखी मरळ दुसरीकडं मिळत न्हाय. मी म्हणायचे, भाऊ पाठवतो. मी जगले ते तुझ्या माशांवर, हे खरं आहे, आणि तुझ्या तोंडावर कधी बोलले नाही म्हणून आज लिहून ठेवते. सकाळी तुझा फोन यायचा, "माल चढवला." मी म्हणायचे, "बरं." एवढंच आपलं बोलणं.

भाऊबीजेला तू वहिनीला घेऊन माझ्या खोलीवर यायचास, तेव्हा मात्र मी तुला सोडायची नाही. ओवाळून झालं की ताट हातात तसंच धरून तोच प्रश्न. सांग दादा, सुळ्यात खरंच काही आहे का? असेल, तर तू आज-उद्या करत राहिलास म्हणून माझा माणूस गेला. नसेल, तर तू त्यांच्या मढ्यापुढे खोटं बोललास, आणि जन्मभर लोकांच्या गळ्यात दात बांधत आलास. दोन्हीतलं एक निवड. तू ताटात साडी ठेवायचास आणि पत्र्याकडे बघायचास. वहिनी पानं वाढून म्हणायची, "जेवा आता, निवायला लागलं." एकदा तू म्हणालास, "शाले, तुला भांडायला दुसरं कुनी न्हाय का?" मी म्हटलं, होतं, तू ठेवलं नाहीस. तरी पुढच्या वर्षी तू आलास. तुला टाळता आलं असतं, पण आलास.

शेवटी इंदापूरच्या दवाखान्यात तू पाण्यानेच गेलास. धरणाच्या नव्हे, पोटात साठलेल्या. तुझं पोट नऊ महिन्यांच्या बाईसारखं झालं होतं, पाय सुजून चकाकत होते, आणि डॉक्टर सुईने पाणी काढून बाटलीत भरत होते. मी शेजारी बसून ती बाटली भरताना बघितली. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटता वाटता हेही वाटलं, की आता कळू दे छातीपर्यंत पाणी आलं म्हणजे कसं होतं. मी तुझी बहीण आहे, दादा, संत नव्हे.

मशीनमध्ये घालायच्या आधी नर्सने गळ्यातलं काढायला लावलं. तू ओरडलास, सगळा वॉर्ड बघायला लागला. शेवटी सुळा माझ्या हातात दिलास. आबांनी तुला कोरून दिलेला, घामाने पिवळा पडलेला, खवले झिजून सपाट झालेले. जन्मात पहिल्यांदा तो माझ्या हातात आला. बाहेर आलास तेव्हा तोंडातून पहिला शब्द, "दे माघारी." मी मूठ मिटूनच विचारलं, आता तरी सांग, यात काही आहे का. तू माझ्याकडे बघितलंस. ओठ हलले. मला वाटलं, आलं उत्तर. तू म्हणालास, "पानी दे, शाले." डॉक्टरांनी घोटभरच द्यायला सांगितलं होतं. मी घोटभरच दिलं, आणि सुळा परत तुझ्या गळ्यात बांधला. त्यानंतर तू नीट शुद्धीवर आला नाहीस.

दहाव्याच्या आदल्या दिवशी वहिनीने मला माजघरात बोलावलं. आजोबांचं गाडगं तिने पुढ्यात घेतलं होतं. त्यातून एक पुरचुंडी काढून माझ्या ओंजळीत ठेवली. आत दोन सुळे होते. एक तुझा. दुसरा पांढराशुभ्र, कुणी न वापरलेला, शेपटीला तो तुझा बाक, खवले नखाला लागणारे. आणि डोळा पाडलेला.

"ह्यो दाजींचा," वहिनी म्हणाली.

मी विचारलं, "कधी झाला हा?"

"दाजी गेलं त्याच्या आदल्या दिशी. डोळा पाडला आन द्याला निगालं बी. पार तुमच्या दारापत्तूर गेलं आन माघारी आलं."

"का?"

वहिनी पदराच्या टोकाशी चाळा करत बसली. "म्हनलं, दाजी येकलं जायला लागलं तर माज्या होडीवर कोन." मग म्हणाली, "आन म्हनलं, त्यास्नी नीट पवता येत न्हाय."

"आधी काय म्हणाला? यातलं आधी काय म्हणाला?"

"आता मला काय ठावं, वन्सं. दोनी म्हनलं."

"आणि तू इतकी वर्षं गप्प?"

"सांगू नगं म्हनलं व्हतं. आन सांगून दाजी माघारी येनार व्हतं व्हय?"

मग मी मागचं जुळवून बघितलं. काठावर सगळ्यांसमोर तू हसलास, बिनसुळ्याचा म्हणालास, तेव्हा तो सुळा झालेला होता. तुझ्या घरात, या गाडग्यात, डोळा उघडून पडला होता. मढ्याच्या गळ्याकडे तू बोट केलंस तेव्हाही. आबांनी कानीकपाळी ओरडून सांगितलेला नियम, डोळा पाडला की घरात ठेवायचा नाही, तो तू मोडलास. नुसता मोडला नाहीस, वर त्याच सुळ्याच्या नावाने मोठा झालास. मी तुला आळशी समजत होते, दादा. इतकी वर्षं मी तुझ्याशी आळसासाठी भांडत होते.

तू त्यांना वल्ह्यासाठी अडवलंस की जिवासाठी, हे आता कुणीच सांगू शकत नाही. रात्रभर मी दोन्ही धरून बघितलं. जिवासाठी म्हणावं तर चारचौघांत हसलास का? काठावर बाजूला घेऊन सांगता आलं असतं, दाजी, पोहायला शिका मग देतो. त्यांनी ऐकलं असतं, ते तुझं सगळं ऐकायचे. वल्ह्यासाठी म्हणावं तर त्या बुड्या, तो चिखल, ते रडणं, आणि आजन्म न चुकलेला खोका. म्हणजे खोका माझ्यासाठी नव्हताच, असंही मनात आलं. गाडग्यातल्या त्या डोळ्यासाठी होता. पण मरळ तर खरी होती. मी खाल्ली, विकली, जगले.

तर दहावा. कावळा शिवला, तात्यांनी तुला समाधानी ठरवलं, आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी देवळाच्या शेवटच्या पायरीवरून पाण्यात उतरले, पोटरीएवढ्या. उजव्या मुठीत एक सुळा, डाव्या मुठीत एक. मी उजवी मूठ उघडली. पांढरं काहीतरी पाण्यात गेलं एवढंच लोकांना दिसलं. त्यांनी हात जोडले. वहिनी हुंदके देत होती, पण ती माझ्या डाव्या हाताकडे बघत होती, आणि ती काही बोलली नाही. तिला गप्प बसायची सवय तूच लावलीस.

पाण्यात गेला तो दाजींचा. इतकी वर्षं तुझ्याच नियमाप्रमाणे ते काठावर बसून होते. त्यांचा त्यांना मिळाला.

काल गाळा उघडला. दुधाचा टेम्पो आला आणि न थांबता पुढे गेला. मला माहीत होतं तो थांबणार नाही, तरी मी बाहेर येऊन उभी होते. मग आत येऊन रिकाम्या ओट्यावर डोकं ठेवून रडले. तुझ्यासाठीच रडले, उगाच गैरसमज नको. फोन दोनदा उचलून बघितला, चार्जिंग आहे ना म्हणून.

तुझा सुळा तराजूच्या वर खिळ्याला टांगलाय. गिऱ्हाईक विचारतं, हे काय मावशी, आणि मी सांगते, भावाचं आहे, द्यायचंय त्याला. सुळ्यात काही नसेल, तर तुझं काही अडलेलं नाही, तू केव्हाच पोहोचला असशील. आणि काही असेल, तर तू आत्ता त्या देवळाच्या पायरीवर बसला असशील, चिखलात पाय सोडून, ज्यांच्या गळ्यात तू सुळे बांधलेस त्यांच्या होड्या जाताना बघत. म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर आज तुझ्याकडे आहे, आणि तुला ते मला सांगता येत नाही.

पावसाळ्यात पाणी चढेल, पायऱ्या बुडतील, तेव्हा जरा वर सरकून बस. घाई करू नकोस, दादा. देते की. आज देते, उद्या देते.